गवतशेठची उलटी तुला

कल्याणच्या मुनसिपाल्टीत, अध्यक्षांच्या खुर्चीमागे, हरिहरशेठची तसबीर टांगलेली आहे. तैलरंगातली, सोनेरी चौकटीची. खाली 'दानशूर' असं लिहिलंय. चित्रकाराने शेठच्या डोळ्यांत करुणा काढली आहे. ती त्याने कुठे पाहिली ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरपट्टीच्या तक्रारीसाठी मला वर्षातून दोनदा त्या तसबिरीखाली तास-तास बसावं लागतं, आणि दर खेपेला माझं डोकं फिरतं. सगुणेची तसबीर कुठेच नाही. तिची तसबीर काढायला कोण पैसे देणार? म्हणून हे चार कागद मी लिहून ठेवतोय.

मी त्र्यंबक. कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर एकतीस वर्षं कारकुनी केली. भाताची पोती, लाकडं, गवताच्या गाठी, एकदा तर एका सर्कशीतलं आजारी अस्वल, सगळं माझ्या काट्यावरून गेलं. माणसं वजनाबद्दल किती खोटं बोलतात ते मला जितकं माहीत आहे तितकं कोणा न्यायाधीशालाही नसेल. तरी एकदा मीच फसलो. ते पुढे येईलच.

हरिहर मूळचा बाळकुमचा. एक बैलगाडी आणि दोन मरतुकडे बैल घेऊन कल्याणला आला तेव्हा त्याला कोणी शेठ म्हणत नव्हतं. 'ए गाडीवाल्या' म्हणत. सन १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्रामा सुरू झाल्या. आमच्या गावातले शहाणे लोक ट्राम बघायला मुंबईला जाऊन आले आणि महिनाभर तिच्या घंटेच्या गोष्टी सांगत बसले. हरिहरने मात्र घोडे मोजले. इतके घोडे खाणार काय, एवढाच प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि उत्तर त्याला कल्याणच्या माळावर डुलताना दिसलं. वर्षभरात स्टेशनामागे त्याची गवताची वखार उभी राहिली. देवळाएवढ्या गंज्या, गाठी बांधायचा दाब, दहा गाड्या. बैलगाडी गेली, स्वतःला बसायला छकडा आला. मग लोक त्याला मुलीच्या स्थळाबद्दल विचारू लागले, विहीर कुठे खणावी ते विचारू लागले. गवत विकणाऱ्याला पाण्याचं काय कळतं? पण पैसा आला की माणसाला सगळंच कळायला लागतं, अशी आमच्या गावाची पक्की समजूत आहे.

सगुणा ठाकुर्लीची. दिवाळी झाली की गावातल्या बायका गवत कापत, वाळवत, आणि भारे डोक्यावर घेऊन कोसभर चालत शेठच्या वखारीवर आणत. त्यांतली ही एक. काटक, काळी, समोरचा एक दात पडलेला, आणि तोंडाने अशी फटकळ की वखारीवरचे गडी तिच्याशी थट्टा करण्याआधी दोनदा विचार करत. तिचा नवरा महिपत त्याच वखारीवर मापाडी होता. म्हणजे बायका भारे आणणार आणि महिपत ते तोलणार.

महिपत अगदी दुसऱ्या टोकाचा. हळू बोलणारा, काट्यावर देवासारखी श्रद्धा असलेला. तो काटा होताही तसाच. सागाच्या तीन वाशांच्या तिकाटण्यावर टांगलेली पुरुषभर लांबीची लाकडी दांडी, दोन टोकांना साखळ्यांनी लटकवलेली दोन पारडी. डावीकडच्या पारड्यात माल, उजवीकडच्यात वजनं. रोज सकाळी महिपत दांडीला हळद-कुंकू लावायचा, दोन्ही पारडी झटकायचा, बाजूला व्हायचा आणि ओरडायचा, "बघा गो बायांनो, रिकामा काटा सरळ हाय!" दांडी अगदी सरळ राहायची. बायका हात जोडायच्या. मग तोलणं सुरू. पाच वर्षांत एक दिवस त्याने हे चुकवलं नाही.

आता माझी करामत ऐका. सन १८७९, मार्गशीर्ष महिना. स्टेशनमास्तरांच्या गाईसाठी गवत पाहिजे होतं, म्हणून सगुणा एक भारा घेऊन थेट मालधक्क्यावर आली. भारा खाली टाकून मान चोळत म्हणाली, "मास्तर, याचं वजन करा की. माजी मान बोलते चालीस शेर. वखारीत बत्तीसच भरतंय."

"मान कशी सांगेल?" मी हसलो.

"तुमच्या मानेवर कदी ठेवलाय भारा? मग तुमास्नी कसं कललं, मान बोलत नाय म्हनून?"

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी भारा रेल्वेच्या काट्यावर ठेवला. चाळीस शेर. वर थोडं नमतंच.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी चार बायका आणल्या. रखमाबाई होती, तुळसा होती. पाचही भारे मी तोलले. वखारीत जे बत्तीस भरायचं ते माझ्याकडे चाळीस. एका भाऱ्यामागे आठ शेर गवत शेठच्या घशात जात होतं. पाच वर्षं, चाळीस-पन्नास बायका, दिवसाला दोन-दोन खेपा. मला हिशोब करवेना. सगुणेने हिशोब केलाच नाही. तिने वखारीसमोर भारा आपटला आणि एवढंच ओरडली, "आठ शेर!" बाकीच्या बायकांनीही भारे आपटले. त्या दिवसापासून वखारीत गवत येणं बंद झालं.

बाईला वाटलं शेठ पकडला जाईल. मलाही तेच वाटलं. मामलेदाराकडे अर्ज गेला, फौजदार आला, प्रकरण ठाण्याच्या कोर्टात उभं राहिलं. आणि शेठने छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, मला काय माहीत? तोलायचं काम महिपतचं. तो साखळ्या ओढत असेल, पायाने पारडं उचलत असेल. उरलेलं गवत रात्री त्याने कुठे विकलं ते त्यालाच विचारा."

काटा कोर्टाच्या ओसरीवर आणला. रिकामा टांगला. दांडी सरळ. मग वजनं तपासली. खरी निघाली. शेठचा वकील म्हणाला, काटा निर्दोष आहे, वजनं निर्दोष आहेत, आणि रेल्वेचे कारकून शपथेवर सांगतात की प्रत्येक भाऱ्यात आठ शेर कमी भरले. मग उरला तो तोलणाऱ्याचा हात. मीच साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभा राहून सांगितलं होतं, "चाळीस म्हणजे चाळीस." केवढा अभिमान वाटला होता मला त्या दिवशी! कोर्टात इतके शिकलेले लोक होते. त्यांनी काटा रिकामा पाहिला, वजनं वेगळी पाहिली, पण वजनं काट्यात घालून कोणी पाहिली नाहीत. त्या माणसांत रोज वजनं करणारा मीही होतो. महिपतला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. सगुणा ओसरीच्या पायरीवर बसली होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, मीच आनला ना तो भारा?"

शेठ सुटला, पण गावाने त्याला सोडलं नाही. आमचं गाव कोणाच्या भल्यासाठी एकत्र येणार नाही. टिंगलीसाठी मात्र लगेच जमतं. गणू न्हाव्याने शेठची दाढी केली आणि डाव्या गालावर चार बोटं केस तसेच ठेवून वस्तरा पुसला. "शेठ, तुमच्याच मापानं केली," म्हणाला. दूधवाल्याने घागर पाचव्या हिश्श्याने रिकामी आणून दिली. कळस केला तो अण्णा जोशींनी. शेठकडे सत्यनारायण होता. अण्णांनी चार अध्याय वाचले, पोथी मिटली आणि प्रसाद मागितला. "पाचवा?" शेठने विचारलं. "पाचवा आपल्या काट्यात धरलाय," अण्णा म्हणाले. हे अण्णा तसे धाडसी नव्हेत. शेठची मागच्या पूजेची दक्षिणा थोडी कमी पडली होती, त्याचा हा सूड. रस्त्यात शेठ दिसला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आठ शेर." मुंबईच्या घोडेवाल्यांनी दुसरा मक्तेदार पाहिला. वखारीच्या गंज्या पावसाळ्यात कुजल्या. एका सकाळी शेठने काटा उतरवला, माडीवर नेऊन कुलपात ठेवला आणि काशीला निघून गेला. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

महिपत मात्र तुरुंगातून सुटून आला तेव्हा कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. ठाकुर्लीची होळी मोठी असते. त्या गावची रीत अशी की होळीला दर घरातून एक भारा जायचा, आणि भारा होळीवर ठेवताना पाटील घरधन्याचं नाव मोठ्याने पुकारायचा. ज्याचं नाव पुकारलं तो गावचा. महिपतच्या दारात भारा बांधून ठेवलेला होता. गोविंदा पाटील चार गडी घेऊन आला, भाऱ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराकडे वळला. चोराचा भारा होळीला चालत नाही. महिपत ओट्यावर बसून राहिला. दोन पावसाळे काढून तापाने गेला. तरी दर होळीला सगुणा भारा बांधून दाराशी ठेवायची. गडी पुढे जायचे. ती भारा उचलून परत माळ्यावर ठेवायची. गावाने हे इतकी वर्षं पाहिलं की शेवटी त्याच्याकडे बघणंही सोडून दिलं.

शेठ नऊ वर्षांनी परतला. डोक्यावर केस कमी, पोट जास्त, गळ्यात रुद्राक्षांच्या दोन माळा. काशीला त्याने काय केलं कोण जाणे, पण पैसा बराच केला होता. आल्या-आल्या टिटवाळ्याला गणपतीच्या देवळाजवळ धर्मशाळा बांधली. स्टेशनाबाहेर गुरांसाठी पाण्याचा हौद बांधला आणि त्यावर स्वतःचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कोरून घेतलं की पाणी पिता-पिता बैलांनाही वाचता यावं. एका साप्ताहिकाच्या संपादकाला त्याने छापखान्यासाठी जागा दिली. दुसऱ्याच अंकात 'पश्चात्तापाचे पावन जल' असा अग्रलेख आला. मुनसिपाल्टीला नवा दिवाणखाना बांधायचा होता आणि तिजोरीत उंदीर खेळत होते. शेठ म्हणाला मी बांधून देतो. झालं. ज्या तोंडांनी 'आठ शेर' म्हटलं होतं ती तोंडं 'शेठजी' म्हणू लागली. गणू न्हावी दोन्ही गाल सारखे करू लागला. अण्णा जोशींनी तर एका पूजेत पाचवा अध्याय दोनदा वाचला.

माघात शेठला साठावं वर्ष लागत होतं. साठीशांत करायची आणि त्याच मांडवात शेठची गुळाने तुला करायची, असं ठरलं. शेठच्या वजनाइतका गूळ गोरगरिबांना. त्यानंतर दिवाणखान्याचा पाया आणि शेठचं नाव मुनसिपाल्टीच्या सभासदांत. समिती नेमली. वजनातला माणूस म्हणून तिच्यात मलाही घेतलं. रेल्वेचा मोठा काटा मागून आणू, असं मी सुचवलं. शेठने डोळे मिटून मान हलवली. "त्र्यंबकराव, ज्या काट्यानं मला मोठं केलं, त्याच काट्यावर माझी तुला व्हावी. माडीवर तसाच ठेवलाय. रोज फूल वाहतो." समितीतल्या दोघांनी डोळे पुसले. मला त्या वेळी त्यात फक्त ढोंग दिसलं. कंजूषपणा दिसला नाही.

मग संपादकाला आणखी एक कल्पना सुचली. महिपत मापाड्याने शेठचं नाव बुडवलं, तरी शेठने त्याला क्षमा केली, हे लोकांना दिसलं पाहिजे. तेव्हा महिपतच्या विधवेने मांडवात यावं, गुळाचा पहिला खडा शेठच्या हातून घ्यावा आणि दोन चांगले शब्द बोलावेत. तिला बोलवायला कोणी जायचं? "त्र्यंबकराव, तुमची ओळख आहे."

मी गेलो. चपला जड झाल्या होत्या. सगुणा ओट्यावर विळा घासत होती. केस पिकले होते, दुसराही दात गेला होता. मी निरोप सांगितला, 'क्षमा' हा शब्द गिळून. ती गिळलेला शब्दसुद्धा ऐकू आल्यासारखी हसली.

"काटा कंचा आनताय?" तिने विचारलं.

"तोच. जुना."

विळा थांबला. "तोच? नक्की?"

"शेठचा हट्ट आहे."

तिने मला शेजारी बसवलं आणि नवरा मरण्यापूर्वी काय म्हणाला ते सांगितलं. तुरुंगात महिपतच्या शेजारी एक सुतार होता. महिपत रोज त्याला विचारायचा, काटा सरळ होता मग आठ शेर गेले कुठे? सुतार म्हणाला, दांडीचं भोक मध्यावर होतं का? महिपतने कधी पाहिलं नव्हतं. दांडी टांगतात ते भोक मालाच्या पारड्याकडे सहा बोटं सरकवायचं, आणि ते पारडं तळाला शिसं लावून जड करायचं. रिकामा काटा सरळ दिसतो. भरला की माल हलका. ओळखायची एकच युक्ती, माल आणि वजनं यांची अदलाबदल करायची.

"माजा दादला मरताना बोलला, सगुने, मी रोज रिकामा काटाच दाखवला गो बायांना. भरल्यावर उलटा करून बघाया पायजे होता." तिने विळा बाजूला ठेवला. "मी येते मास्तर. दोन शब्द बोलायचं ना? बोलते."

इतकी वर्षं काट्यावर! आणि ही साधी गोष्ट मला एका कैद्याच्या तोंडून, त्याच्या विधवेकडून कळत होती. घरी जाताना मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तुलेच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सनई, ताशे, पताका. मध्यभागी तोच काटा. दांडीला झेंडूच्या माळा इतक्या बांधल्या होत्या की भोक कुठे आहे ते दिसूच नये. शेठ डाव्या पारड्यात मांडी घालून बसला. माझ्या अंगावर काटा आला. माणूस स्वतःच्या पुण्यकर्मातसुद्धा मालाचंच पारडं निवडतो म्हणजे काय! अण्णा मंत्र म्हणत होते, गडी उजव्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवत होते. शेठची अंगलट पाहून समितीने दहा ढेपा आणल्या होत्या. आठव्या ढेपेला दांडी सरळ झाली. "तीर्थयात्रेनं वाळले हो शेठजी," कोणीतरी हळहळलं. उरलेल्या दोन ढेपा शेठच्या गड्याने लगेच गाडीत नेऊन ठेवल्या.

संपादकाने भाषण केलं. एका अप्रामाणिक नोकराने धन्याला कसं काळोखात लोटलं, आणि धन्याने त्याला कशी क्षमा केली. सगुणा मांडवाच्या कडेला गवतवाल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिला पुढे बोलावलं. शेठ पारड्यातून उतरला आणि गुळाचा खडा तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही. हात जोडून म्हणाली, "शेट, आमच्यात तुला दोनदा होते. एकदा या पारड्यात, एकदा त्या. उलटी तुला केल्याबिगर गूळ लागत नाय देवाला."

शेठचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मुहूर्त टळला बाई," तो म्हणाला.

मुहूर्त अण्णा जोशींच्या हातात होता, आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या तुलेची दुसरी दक्षिणा उभी राहिली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "अजून दोन घटका आहेत! उलटी तुला अतिपुण्यकारक!" त्या एका वाक्यासाठी मी अण्णांना त्यांचे वाचलेले-न वाचलेले सगळे अध्याय माफ केले.

शेठ म्हणाला, गुडघा दुखतोय. तेवढ्यात रखमाबाई मांडवात खाली बसली, तिच्यामागे तुळसा, मग सगळ्या गवतवाल्या. उठायचं नाव नाही. संपादकाला वाटलं, भक्तिभाव. तो कानात म्हणाला, "बसा शेठजी, लोकांची श्रद्धा आहे." शेठकडे दुसरा उपाय उरला नाही. गड्यांनी आठ ढेपा उचलून डाव्या पारड्यात रचल्या, उजवं पारडं हातांनी धरून ठेवलं, शेठ त्यात बसला. अण्णांनी खूण केली. गड्यांनी हात सोडले.

धप्प!

शेठ जमिनीवर आदळला. पगडी सुटून घरंगळत ताशेवाल्याच्या पायाशी गेली. आणि वर, माणसांच्या डोक्यांवर, आठ ढेपा पाळण्यासारख्या झुलत राहिल्या. सनई मध्येच बंद पडली. कोणीतरी गाडीतल्या दोन ढेपा धावत आणल्या आणि शिडी लावून वरच्या पारड्यात ठेवल्या. दहाच्या दहा झाल्या. शेठ जमिनीवरच.

रखमाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आठ शेर!"

मग मांडव फुटला. बायका हसत होत्या, रडत होत्या, मांड्यांवर हात मारत होत्या. शेठ पारड्यातून उठायचा प्रयत्न करत ओरडला, "महिपतनं बिघडवला होता काटा! त्याचंच काम आहे हे!"

सगुणा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण मी दहा हातांवर होतो आणि मला एकूण एक शब्द ऐकू आला. "माजा दादला मेला त्याला सात वरसं झाली, शेट. नऊ वरसं काटा तुमच्या माडीवर कुलपात. आज काट्यावर हात कोनाचा हाय?"

मी पुढे गेलो, दांडीवरच्या झेंडूच्या माळा ओरबाडून काढल्या आणि भोकापासून दोन्ही टोकं वितीने मोजून दाखवली. डावीकडे चार विती, उजवीकडे पाच. माझा आवाज चिरकत होता. दहा वर्षं उशीर झाला होता, पण मोजलं. गर्दीत मागे ठाकुर्लीचा गोविंदा पाटील होता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

कोणाला वाटेल, शेठची कारकीर्द तिथे संपली. छे! तुम्ही आमचं गाव ओळखत नाही. तीन दिवस हसून झालं आणि चौथ्या दिवशी दिवाणखान्याच्या पायाचा प्रश्न उभा राहिला. साप्ताहिकात आलं की शेठजींच्या पुण्याचा भार इतका वाढला की पारडं धरणीला टेकलं, आणि काटा जुना झाल्याने काही अज्ञ जनांचा गैरसमज झाला. लोकांनी हे वाचलं, एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले आणि दहाच्या दहा ढेपा खाऊन टाकल्या. पुढच्या महिन्यात शेठ मुनसिपाल्टीचा सभासद झाला. वजनं-मापं तपासायच्या समितीवर त्याला नेमलं. हे मी रचून सांगत नाही. त्या ठरावाची नक्कल माझ्याकडे आहे. दिवाणखाना उभा राहिला, तसबीर लागली. शेठ सन्मानाने जगला आणि सन्मानाने मेला. कोर्टाने निकाल बदलला नाही. मी अर्ज केला होता. उत्तर आलं की आरोपी मयत असल्याने कारण उरत नाही.

पण त्या वर्षीच्या होळीला मी दुपारीच ठाकुर्लीला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. सगुणेच्या दाराशी भारा बांधून ठेवला होता, नेहमीसारखा, चाळीस शेरांचा असावा. ती उंबऱ्यात बसली होती, रस्त्याकडे न बघता. गोविंदा पाटील चार गडी घेऊन येत होता. शेजारच्या घरचा भारा उचलला. मग तो सगुणेच्या दाराशी थांबला. गडीही थांबले.

"वहिनी," गोविंदा शेवटी म्हणाला, "भारा नेतो."

"ने."

एका गड्याने वाकून हात घातला, तशी ती उठली. त्याला बाजूला सारलं, पदर खोचला, आणि साठीला टेकलेल्या बाईने तो भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. होळीच्या माळापर्यंत ती पुढे आणि पाटील मागे. मीही मागे. माळावर गाव जमलं होतं. तिने भारा होळीवर टाकला आणि गोविंदाकडे वळून उभी राहिली. गोविंदाने घसा खाकरला.

"महिपतचा भारा," तो म्हणाला.

"कंचा महिपत?" सगुणा म्हणाली. "गावात दोन होते. नीट बोल."

गोविंदाने एकदा गावाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि पुकारलं, "महिपत मापाड्याचा भारा!"

सगुणेने मान हलवली आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसली. मी जवळून जाताना मला बघून म्हणाली, "मास्तर, मान दुखते आज. वजन पुरं होतं."